माण-खटावच्या खाणींना परवाना देण्याआधी संध्याकाळी माळावर माणूस पाठवा

मा. जिल्हाधिकारी, सातारा यांस,
स. न. वि. वि.

वन्यजीव म्हटले की आपल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे वळतात. कोयना, कास, 2010 साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्या डोंगरांना संरक्षण मिळाले याचा आनंदच आहे. हे पत्र मात्र पूर्वेकडच्या उघड्या माळांसाठी आहे, जिथे खडी, डबर आणि मुरुमासाठी टेकड्या फोडल्या जातात.

खडी लागणारच. रस्ते, बंधारे, घरकुले तिच्याशिवाय होत नाहीत, त्यामुळे खाणी बंद करा असे माझे म्हणणे नाही. पण भरदुपारी मोजणीला गेलेल्याला माळ रिकामाच दिसतो. लांडगा, तरस, खोकड, साळिंदर त्या वेळी बिळात नाहीतर कपारीत असतात. लांडग्याची पिल्ले बहुतेक हिवाळ्यात जन्मतात आणि सुरुवातीचे काही आठवडे बिळाबाहेर पडत नाहीत. पाऊस संपला की सुरुंगांचा जोरही तेव्हाच वाढतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे, हे माळावर उभे राहिल्यावर कुणाला खरे वाटणार नाही.

शृंगी घुबडाचे तर घरच खाणीत असते. काम थांबलेल्या जुन्या खाणीच्या उभ्या कड्यावर, कपारीतल्या उघड्या जमिनीवर मादी अंडी घालते. काटक्यांचे घरटे नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही. पिल्ले वाढवताना ही जोडी रात्रभर उंदीर-घुशी टिपते, म्हणजे आसपासची ज्वारी आणि हरभरा राखते. अशी खाण पुन्हा सुरू करायची तर आधी कडा पाहायला हवा. नोव्हेंबर ते मार्च त्या बाजूला सुरुंग लावू नये, एवढी अट परवान्यात घालता येईल.

पाहणी वनकर्मचाऱ्यांनी संध्याकाळी करावी आणि सोबत त्या माळावर मेंढरे चारणारा धनगर घ्यावा. लांडग्याचे बीळ कुठे आहे हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. मात्र सापडलेल्या जागांची नोंद वनविभागाकडेच राहावी. ती बाहेर फुटली की बिळांत धूर करायला माणसे पोचतात.

बंद पडलेल्या खाणींचाही प्रश्न आहे. पावसाळ्यात त्या भरतात आणि उन्हाळ्यात पाण्याच्या ओढीने आलेले जनावर उभ्या भिंतीवरून आत पडले तर वर येऊ शकत नाही. मेंढरांनाही तोच धोका. प्रत्येक खाणीची एक बाजू उताराची करून घ्यावी, कडा असलेली दुसरी बाजू पक्ष्यांसाठी तशीच ठेवावी. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पर्यावरण संरक्षणाला उच्च प्राधान्य आहे, उताराचा खर्च त्यातून व्हावा.

दिवाळीनंतर परवान्याचे जे अर्ज आपल्यासमोर येतील, त्यांच्यापासूनच ही पाहणी सुरू करावी, ही विनंती.

आपला,
माण तालुक्यातील एक रहिवासी