पऱ्यापलीकडची राई

प्रिय बंड्या,

फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच हसशील आणि मी चिडून फोन ठेवीन, म्हणून लिहितोय. गणपतीनंतर मी एकदाही फोन केला नाही, त्याबद्दल आल्यावर शिव्या दे. तब्येती ठीक. आईची साखर वरखाली, माझा गुडघा तसाच.

विंच घेतली, ओंडके दोराने ओढायचं यंत्र. हो, घेतलीच. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकला लटकते, पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर चालते. चार टनांची ओढ, दहा मिलिमीटरचा वायररोप. खाली फाळासारखी जाड पाटी आहे. ओढ लागली की ती मातीत रुतते आणि ट्रॅक्टरला मागे सरकू देत नाही. सड्यावर मात्र जांभ्या दगडात कसली रुततेय, नुसती खरवडते. म्हणून आधी माती बघायची, मग ट्रॅक्टर लावायचा, आणि दोर सरळ मागून येईल असाच. तिरकं ओढलं तर ओंडका राहतो जागेवर आणि ट्रॅक्टर होतो आडवा. सोट कोपऱ्यात अडकला असेल तर एखाद्या उभ्या झाडाला रुंद पट्टा बांधून कप्पी लावायची आणि दोर तिथून वळवायचा. त्या वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर दोर तिथेच येतो. गुरवाच्या मोठ्याला हे रोज नव्याने सांगावं लागतं, कारण त्याला नेमकं तिथेच उभं राहून विडी ओढायची असते.

आणखी एक गंमत. ड्रम रिकामा असताना जोर जास्त. दोराचे थर चढत जातात तसा तो कमी होतो. म्हणजे ओंडका पार जवळ आला की यंत्र दमतं. कारण विचारू नकोस, फिजिक्सला तू माझी वही उतरवून पास झालायस.

तात्या पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बसले होते. पावसात आडवा झालेला ऐनाचा वृक्ष मळीतून वर आला तेव्हा म्हणाले, "बैलांनी पाला तुडवला नसता का एवढा." म्हणजे नक्की काय, ते त्यांनाच ठाऊक. पण मला तुझं बोलणं आठवलं. "बैल विकलेत, आता रान विकाल." त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! अजूनही माझं म्हणणं तेच आहे: चारा कोण घालणार होतं? तू पुण्याहून कुरिअर करणार होतास?

आता मुद्दा. पऱ्यापलीकडची राई, ओढ्याच्या त्या अंगाची.

ती राहिली कशी, याचा तू कधी विचार केलास? आपण भाऊकाकांच्या धाकाला उगाच श्रेय देतो. देवराई गुरवाकडे, तिथे देवाची भीती आहे. इथे कसली भीती? आपल्या बाजूचं रान सरपणाला, कोळशाला दर दहा-बारा वर्षांनी उतरतंच, म्हणून सगळी झाडं मनगटाएवढी. पलीकडे ऐन, किंजळ आणि दोघांच्या कवेत न मावणारा तो बेहडा उभा आहे, कारण त्या उतारावर बैल उतरत नव्हते आणि खांद्यावरून आणायची तर हमालीच लाकडाच्या वर जायची. दुसरं काही नाही, बंड्या. ओढणार कोण, एवढंच.

गेल्या आठवड्यात ठेकेदार आला. दांडावर उभा राहून त्याने पलीकडे पाहिलं, मग माझ्या विंचकडे पाहिलं आणि टनाचा भाव सांगितला. वाईट असं वाटलं की त्याने तोंड उघडायच्या आधीच कप्पी कुठल्या झाडाला बांधायची ते माझं मनात ठरून गेलं होतं.

ऐन-किंजळ १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. वनखात्याची परवानगी, हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास, सगळं लागेल. ठेकेदार म्हणतो, ती डोकेदुखी माझी. मिळेलही त्याला. सातबाऱ्यावर भाऊकाकांबरोबर तुझंही नाव आहे, तेव्हा तो तुझ्याकडे येणारच.

मला कामाची गरज नाही असं नाही. बँकेचा हप्ता आहे आणि म्हाताऱ्या काजू नि ऑस्ट्रेलियन बाभळी ओढून तो जेमतेम निघतो. आणि खरं सांगू? या यंत्राने रान राखूनही लाकूड काढता येतं. जेसीबीला रस्ता पाडावा लागत नाही, शेजारचं झाड न दुखवता एखादाच ओंडका बाहेर येतो. पण ठेकेदाराला एखादा नको, ट्रक भरून हवा. आणि सगळा माल एकाच वाटेने ओढला की तिथे घळ पडते. आडव्या फांद्या टाकून ठेवल्या नाहीत तर पहिल्याच पावसात तिचा पाट होतो आणि माती खाली पऱ्यात. खाली आपला झरा आहे. वाडी अजून त्याचंच पाणी पिते.

तो म्हणाला, तू नाही आलास तर दुसरा विंचवाला आणीन. आणेल. चिपळूणपर्यंत शोधेल. पण त्याला निदान शोधावं तरी लागेल ना?

वहिनींची बदली झाली का? पोरीने शेवटी कॉमर्स घेतलं म्हणे, बरं केलं. नवा फ्लॅट कितव्या मजल्यावर? लिफ्ट असेल तर मी येईन.

ठेकेदाराला चहा पाज, सही देऊ नकोस. शिमग्याला ये आणि भाऊकाकांशी तू बोल. मी बोललो तर त्यांना वाटेल, विंचवाला भाव वाढवून मागतोय.

तुझा,
विन्या

ता. क. येताना जाड चामड्याचे हातमोजे आण. वायररोपच्या तुटक्या तारा इथल्या मोज्यांतून आरपार जातात. पैसे बॅटच्या हिशोबात वळते कर.