हात लावून पाहू द्या

महोदय,

मला काचबिंदू आहे. डावा डोळा जवळपास गेला, उजव्याने नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसतं. तरी यंदाच्या हिवाळ्यात मी मिग-२१ या लढाऊ विमानाचं १:७२ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल पूर्ण केलं. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला बनलेलं हे विमान. २६ सप्टेंबर २०२५ ला ते हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हाच मनात घेतलं होतं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, माझ्या विमानाचा जेमतेम दहा सेंटीमीटर.

करड्या प्लॅस्टिकचे भाग दिसावेत म्हणून टेबलावर काळा कागद अंथरला. सांधा नीट बसला की नाही, ते अंगठ्याचं नख फिरवून कळतं. नख अडलं की पॉलिश पेपर. रेल्वेत ३१ वर्षं फिटर होतो, बोटांना ती सवय आहेच. चाकाचं झाकण खाली पडलं, तर नात बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरते. तांदळाएवढ्या तुकड्याचीही लांब सावली पडते आणि ती मला दिसते. नाकावरची पिटो नळी (खऱ्या विमानात हिच्यामुळे वेग कळतो) माझ्याच बाहीत अडकून दोनदा तुटली. शेवटी इंजेक्शनची सुई कापून बसवली.

आपल्याकडे प्रदर्शनात मॉडेलपुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. मग आमच्यासारख्यांनी पाहायचं कसं? जळगाव-धुळ्याच्या शाळांनी विज्ञान प्रदर्शनात एक टेबल हात लावून पाहण्यासाठी ठेवावं. माझं मिग मी देतो. नळी तुटली तर पुन्हा बसवून देईन.

– एक निवृत्त रेल्वे फिटर, भुसावळ