आडवी मालगाडी आणि शंभर रुपयांचा दंड : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यातल्या एका फाटकावर परवा सकाळी मालगाडी आडवी उभी राहिली ती पाऊण तास हलली नाही. फाटकाचा नंबर मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर उद्या तिथल्या गेटमनच्या हातात मेमो पडेल आणि आपल्या खात्यापुरता प्रश्न सुटेल.

फाटकाच्या अलीकडे लासलगावच्या सकाळच्या लिलावाला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्या, पलीकडे शाळेची बस आणि दुधाचे कॅन. दहा मिनिटं लोक थांबले. मग एकेक जण मालगाडीच्या डब्यांच्या, म्हणजे वाघिणींच्या मधून पलीकडे जायला लागला. एका बाईनं आधी दप्तर पलीकडे दिलं, मग पोरगं दिलं, मग साडी खोचून दोन वाघिणी जोडणाऱ्या कपलरवर पाय ठेवला. मालगाडी सुटताना काय होतं ते आपले अधिकारी आपल्याला सांगतीलच, तरी लिहितो. इंजिन पुढे सरकलं की एकेका कपलरमधली ढील ओढली जाते आणि तो हिसका खडखडत मागे येतो. मधल्या वाघिणीला तो कसलीही सूचना न देता बसतो. लोको पायलट तिथून चार-पाचशे मीटर पुढे. त्याला ती बाई दिसत नाही, तिला त्याचा हॉर्न धड ऐकू येत नाही.

आता कायदा बघू. रेल्वे अधिनियम, १९८९. त्या बाईला कलम १४७ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वैतागून कुणी बंद फाटक उघडलं तर कलम १६०, तीन वर्षांपर्यंत कैद. तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. आणि रेल्वेच्या माणसानं विनाकारण गाडी रस्त्यावर आडवी ठेवली किंवा फाटक बंद ठेवलं तर? त्यासाठी कलम १७६ आहे. दंड जास्तीत जास्त शंभर रुपये. नाशकात मिसळ खाऊन वर चहा घेतला तर तेवढे होतात. इंग्रजांनी १८९० च्या कायद्यात हाच दंड वीस रुपये ठेवला होता. म्हणजे नव्याण्णव वर्षांत आपण ऐंशी रुपयांची मजल मारली! तेव्हाचे वीस रुपये आजच्या शंभरापेक्षा कितीतरी जड होते, हे जाऊ द्या.

बरं, हे शंभर तरी कुणाकडून घ्यायचे? कलमात शब्द आहे ‘रेल्वे कर्मचारी’. तो कोण? गेटमन? त्याचं गेट सिग्नलशी इंटरलॉक केलेलं असतं. गेट बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नल उतरत नाही, म्हणजे गाडीला वाट मिळत नाही, आणि सिग्नल परत लाल होऊन गाडी पार झाल्याशिवाय गेट उघडत नाही. गाडी रस्त्यावरच उभी असेल तर त्यानं बूम, म्हणजे फाटकाचा दांडा, उचलूनही काय उपयोग? मग लोको पायलट? समोर सिग्नल लाल. फाटक मोकळं करायला तो पुढे सरकला आणि लाल ओलांडला, तर नोकरीवर गदा येते, शिवाय कलम १७५ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका बाजूला शंभर रुपये, दुसऱ्या बाजूला भाकरी. कुठला शहाणा माणूस फाटक मोकळं करील? आणि त्यानं करूही नये, लाल तो लालच.

गाडी आडवी का राहते याचं खरं कारण साध्या बेरजेत आहे. कोळशाच्या रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, अठ्ठावन्न वाघिणी, एकेक पावणेअकरा मीटरच्या जवळपास. त्यात इंजिन आणि गार्डचा डबा धरा, साडेसहाशे मीटर सहज भरतात. स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल लाल मिळाला आणि त्याच्या मागे तीन-चारशे मीटरवर रस्ता असला, तर गाडीचा मधला भाग त्या रस्त्यावर येणारच. त्यात जादू नाही की कुणाचा खोडसाळपणा नाही. पुढच्या स्टेशनची लूप, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची लाइन, रिकामी नाही, मागून एक्स्प्रेस येतेय, तिला पुढे काढायची आहे, हे सगळं ठरतं भुसावळच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्या हलवणाऱ्या कचेरीत. ओढा, खेरवाडी, निफाड, लासलगाव, सगळा पट्टा त्यांच्यासमोर असतो. एक्स्प्रेस किती मिनिटं लेट झाली याचा जाब तिथे रोज विचारला जातो. फाटक किती मिनिटं अडलं याचा जाब कुणीच विचारत नाही. मग सेक्शन कंट्रोलरनं मालगाडी मागच्या स्टेशनला का रोखून धरावी?

‘गाडी तोडून रस्ता मोकळा करा’ असं लोक गेटमनवर ओरडतात. ओरडणं सोपं आहे. आधी मागच्या वाघिणींचे हँडब्रेक आवळायचे. जिथे तोडायचं तिथले दोन्हीकडचे अँगल कॉक, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या तोट्या, बंद करायचे, हवेचे होज सोडायचे, कपलरचं हँडल उचलायचं, आणि पुढे सरकायला सिग्नल तर हवाच. परत जोडल्यावर ब्रेक पाइपमध्ये हवेचं प्रेशर शेवटच्या डब्यापर्यंत पुरेसं बनायला हवं, ते गार्डनं बघायचं (हल्ली त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात; नाव वाढलं, बाकी ठणठणपाळ), मग गाडी हलायची. दोन माणसांत हे उरकायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे उपाय फाटकावर नाहीच, तो एक स्टेशन मागे आहे. जिथे रस्ता आडवा येत नाही अशा जागी गाडी थांबवा. साडेसहाशे मीटरची गाडी चारशे मीटरच्या जागेत घालायची नाही, हे ट्रॉलीवाल्यालाही कळतं.

आणखी एक गंमत. कलम १७६ खाली नागरिकानं थेट कोर्टात जायचं म्हटलं तर कलम १८०-एफ आडवं येतं. कोर्टानं दखल घ्यायची ती प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून, आणि तो अधिकारी रेल्वेचाच. चोरही घरचा, फौजदारही घरचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त फाटक अडवलं तर खुद्द रेल्वे कंपनीला दंड करणारा कायदा होता. त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो मोडीत काढला, कारण रेल्वेवर अधिकार राज्याचा नाही, केंद्राचा. आपल्याकडे रेल्वे केंद्राची आणि कायदाही केंद्राचा. मग अडचण कुठे आहे, साहेब?

उड्डाणपुलाचं नाव काढलं की टीव्हीयूचा (ट्रेन-व्हेइकल युनिट) हिशेब दाखवला जातो. दिवसाच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं, एक लाख भरले तर निम्मा खर्च रेल्वेचा, निम्मा राज्याचा. या गुणाकारात गाडी किती वेळ उभी राहिली याला घरच नाही. पाच मिनिटांत सुटणारं फाटक आणि पाऊण तास अडणारं फाटक, दोन्ही एकाच मापानं मोजायची. लाख भरलेच तर मग सहसा रुळांवरचा भाग रेल्वे बांधणार, दोन्हीकडचे उतार राज्य बांधणार, आणि मधल्या काळात दोघं एकमेकांना पत्रं लिहिणार. पुलाऐवजी भुयारी मार्ग दिला तर पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबतात. २०१९ च्या जानेवारीत ब्रॉडगेजवरचं शेवटचं मानवरहित फाटक गेलं म्हणून आपल्या खात्यानं पाठ थोपटून घेतली. काम चांगलंच होतं. पण माणूस बसवलेल्या फाटकावर तो माणूसच हतबल बसलाय, त्याचं काय? २०२७ च्या सिंहस्थात याच मार्गावर जादा गाड्या धावतील, तेव्हा मालगाड्या आणखी बाजूला पडतील. बाजूला म्हणजे कुठे? आमच्या रस्त्यावर.

मागणं फार नाही. कलम १७६ मधून गेटमन, लोको पायलट आणि गार्ड यांना वगळा आणि जबाबदारी रेल्वे प्रशासनावर टाका. दंड मिनिटावर आकारा, तक्रारीचा हक्क नागरिकाला द्या. याला संसद लागेल, वेळ लागेल, मान्य. पण दुसरं काम उद्या सकाळी होण्यासारखं आहे. इंटरलॉक गेटांच्या हालचाली डेटा-लॉगरमध्ये नोंदल्या जातात : गेट कधी पडलं, सिग्नल कधी उतरला, गेट कधी उघडलं. नाशिक रोड ते मनमाड मार्गावरच्या प्रत्येक फाटकाचा हा उतारा दर महिन्याला जाहीर करा. नवीन यंत्र नको, टेंडर नको, उद्घाटनाचा नारळही नको.

कळावे,
निफाड तालुक्यातले, फाटकाच्या दोन्ही बाजूंचे लोक

ता. क. – रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर केलेल्या तक्रारीला ‘गाडी आता निघून गेली आहे’ असं उत्तर येतं. ती गेली हे आम्हाला दिसतं. ती का थांबली होती, ते कळवावं.