रामबागेतल्या काकूंना, मनापासून

काकू, सा. न. वि. वि.

हे समोर सांगायला गेले तर तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलाल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. या महिन्यापासून मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवतेय आणि रोज तुमची आठवण येते, अगदी खरंच.

बीएस्सीला असताना कॉलेजात काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, "सिलॅबसमध्ये नाहीये, बस खाली". ऐकून ऐकून मी विचारणंच सोडलं होतं. राग अजून गेलेला नाही. आणि तुम्ही रिटायर झालेल्या, आमच्याशी घेणं ना देणं, तरी रविवारी आम्हा पोरींना गच्चीवर बसवून विज्ञानाच्या बातम्यांची कात्रणं वाचून दाखवायच्या.

२०२१ मधली भीमबेटकाची बातमी आठवते ना? पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी जगासमोर आणलेल्या त्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांमध्ये, एका छतावर म्हणे डिकिन्सोनियाचा जीवाश्म सापडला, साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, प्राणीसृष्टीच्या अगदी सुरुवातीचा जीव, आणि तो आपल्या एमपीत! सगळ्याजणी नुसत्या उड्या मारत होतो. मी हळूच म्हटलं, तिथे इतकी वर्षं इतके लोक जातात, मग हा ठसा आधी कोणालाच कसा नाही दिसला? तुम्ही चष्मा वर सरकवला, पेन्सिल घेतली आणि कात्रणाच्या समासात माझा प्रश्न लिहिला, खाली माझं नाव. "उत्तर मला माहीत नाही, राहू दे लिहिलेलं," एवढंच म्हणालात. माझा प्रश्न कोणी लिहून ठेवावा असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं हो.

मग २०२३ मध्ये कळलं की दुसरी टीम जाऊन बघून आली तर तो ठसा दगडावरून सोलून निघत होता, त्यात मधाच्या पोळ्याची घरं दिसत होती, म्हणजे ते आग्या मोहोळ होतं! आधी दिसणार कसा, तो तेवढा जुना नव्हताच. तुम्ही मुद्दाम फोन करून बोलावलंत, जुनं कात्रण काढलंत, पेन्सिलीचं अक्षर पुसट झालेलं पण होतं, आणि नवीन कात्रण वहीत त्याच्याच शेजारी चिकटवलंत. जीवाश्म म्हणणाऱ्या रिटॅलक यांनी स्वतः चूक मान्य केली, हे तुम्ही दोनदा वाचून दाखवलंत, तेव्हा तुमचा आवाज किती आनंदी होता.

अशी सरळ माणसं आहेत म्हणून विज्ञान चालतं असं मला वाटतं, तिकडे रिटॅलक आणि इकडे तुम्ही. मोठ्या पदाची माणसं पुष्कळ पाहिली, पण पोरांसमोर "माहीत नाही" म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही.

काकू, खूप खूप आभार. माझ्या वर्गातल्या चार-पाच जणांना गच्चीवर आणायचंय, त्यांना ती वही बघायचीय. या रविवारी चालेल का?

तुमचीच