वहिनींची क्लिप आणि तिसरा दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र असो की प्रचार, ठाण्यात आणि नवी मुंबईत एक क्लिप ठरलेली असते. मंडपात साहेबांच्या शेजारी वहिनी उभ्या आहेत, हातात आरतीचं ताट आहे आणि ताट थरथरतंय. नाहीतर माइकवर दोन शब्द अडखळतात. पंधरा सेकंदांचा मामला. रात्रीपर्यंत तो शहरभरच्या ग्रुपांवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'दबक्या आवाजात चर्चा' अशी चौकट येते. चौकटीत नाव नसतं. प्रभाग असतो, पक्ष असतो, साहेबांचं पद असतं. मग झाकलं काय?

आम्ही व्यसनमुक्तीच्या कामातली माणसं आहोत : समुपदेशक, परिचारिका आणि एक फार्मासिस्ट. अशी चौकट छापू नये, एवढंच मागणं आहे. नेत्याच्या घरच्यांना प्रश्न विचारू नयेत, असं आम्ही म्हणत नाही. पैसा, पद, पोलिसांवरचा दबाव यांवर हवं तेवढं छापा. आजार आणि उपचार मात्र सोडा. या चौकटीच्या धास्तीने बंद दाराआड जे उद्योग चालतात, ते जिवावर बेततात.

आधी त्या थरथरत्या ताटाबद्दल. थायरॉइड वाढलेलं असलं तरी हात कापतो, साखर ७० च्या खाली गेली तरी कापतो, दम्याच्या पंपाने कापतो, मूडच्या आजारावरच्या लिथियमने कापतो. अडखळणारी जीभ हे तर अर्धांगवायूचं पहिलं लक्षण असू शकतं. त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला जेमतेम साडेचार तास हातात असतात आणि आपण मोबाइल वर धरून उभे. बरं, कारण दारूच आहे असं धरलं, तरी क्लिप बघणारा उलटाच अर्थ काढतो. रोज पिणाऱ्याचा हात कापतो तो बहुतेक वेळा न प्यायल्यामुळे. शेवटचा पेग घेऊन सहा-आठ तास झाले की थरथर, घाम, छातीत धडधड सुरू होते. आमच्याकडे याला टर्की म्हणतात. म्हणजे आज देवीसमोर उभं राहायचंय म्हणून ज्या दिवशी बाईने सकाळपासून घेतलेली नाही, नेमकी त्याच दिवशी ती कॅमेऱ्यात सापडते.

या घरांत व्यसन बारमधून येत नाही. बहुधा ते औषधाच्या पाकिटातून येतं. सकाळी सहाला हॉलमध्ये कार्यकर्ते, चहाच्या फेऱ्या, दिवसभर साखरपुडे, तेरावे आणि उद्घाटनं, रात्री एकला साहेबांचा जेवायला फोन. झोपेचं खोबरं होतं. मग कुणीतरी अल्प्राझोलाम या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधाची अर्धी गोळी सुचवतं. काही आठवड्यांत शरीर तिला सरावतं, अर्धीची एक होते, एकाच्या दोन. पाठदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली ट्रॅमाडॉल वेगळी, फॅमिली डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेली झोल्पिडेम वेगळी. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

यात एक बारीक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. या तिन्ही गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या, सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम चांगला आहे. पण ओळखीचं आडनाव त्या रजिस्टरात नको, म्हणून चिठ्ठी ड्रायव्हरच्या नावाची निघते, कधी स्वयंपाकाच्या मावशींच्या नावाची. स्ट्रिप बाईंच्या पर्समध्ये जाते. पुढे फिट येऊन त्या कॅज्युअल्टीत पोहोचतात तेव्हा फाइल कोरी असते. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती महिने, शेवटची केव्हा, यातलं काहीच डॉक्टरांना कळत नाही. बरोबर आलेला पीए म्हणतो, "मॅडमना उपवास होता, चक्कर आली."

दारूचं गणितही फसवं आहे. 'आमच्याकडे ड्रिंक्स चालत नाहीत, वाइन असते कधीतरी' हे वाक्य मोठ्या घरांत हमखास ऐकू येतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर वाइनच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम. रोज बाटली संपवणारी बाई नाक्यावरच्या क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेली असते, फक्त ग्लास उंच असतो. त्यातही बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी जास्त चढते आणि यकृत लवकर खराब होतं.

आता बंगल्यावरचं डिटॉक्स, म्हणजे दारू-गोळ्या तोडून शरीरातून नशा उतरवणं. कुणाला कळू नये म्हणून दवाखाना टाळतात. मुरबाड-कर्जतकडचं फार्महाऊस किंवा घरातलीच वरची खोली ठरते, ओळखीची नर्स आणि सलाईनच्या बाटल्या येतात आणि बाटली, गोळ्या सगळं एका दिवसात बंद. इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली वेळेची. पहिल्या दिवशी थरथर आणि उलट्या असतात, घरच्यांना वाटतं निभावलं. फिट येते ती साधारण ६ ते ४८ तासांत. खरा धोका ४८ ते ९६ तासांत असतो, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ताप चढतो, भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. नेमकी तेव्हाच 'आता बरंय' म्हणून नर्सला घरी पाठवलेलं असतं. दवाखान्यात क्लोरडायाझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम ही थरथर आणि फिट आवरणारी औषधं देऊन ती पाच-सात दिवसांत रोज कमी करत आणतात, दर काही तासांनी नाडी आणि रक्तदाब बघतात. लपवाछपवीत ते होत नाही.

दुसरी सलाईनची. बाई चार दिवस जेवलेली नसते, म्हणून 'ताकद यावी' म्हणून ग्लुकोज चढवतात. अनेक वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपलेलं असतं. ते इंजेक्शनने आधी न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे तिरळे फिरतात, तोल जातो, पुढे स्मरणशक्ती जाते. घरच्यांना वाटतं, दारूनेच केलं.

तिसरी गोळ्यांची. दारू आणि अल्प्राझोलाम एकाच दिवशी तोडल्या तर फिटचा धोका वाढतो. झोपेच्या गोळ्या आठवड्या-आठवड्याने, कधी महिने लावून उतरवाव्या लागतात. आणि ट्रॅमाडॉल स्वतःच फिटला आमंत्रण देते.

एवढ्यावर भागत नाही म्हणून काही घरांत 'गुपचूप' उपाय होतो. लोकलच्या डब्यात 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' असं स्टिकर सगळ्यांनी वाचलंय. पावडरीत काय असतं ते स्टिकरवाल्यालाच ठाऊक. शिकलेली घरं डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून द्यायची गोळी कुटून वरणात घालतात. ही गोळी शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी, रुग्णाला सांगून, हृदय आणि यकृत तपासून द्यायची असते. बंद केल्यावरही तिचा परिणाम १४ दिवसांपर्यंत राहतो. बाईला पत्ता नाही, तिने संध्याकाळी ग्लास भरला, की तोंड लालबुंद, धडधड, रक्तदाब धाडकन खाली. हृदय कमजोर असेल तर संपलंच.

हे सगळं बातमीच्या भीतीपायी. ठाण्यात ही भीती जरा जास्तच, कारण आपल्या गावाचं नावच महाराष्ट्रभर टिंगलीचं झालंय. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अजून मेलेला नाही. ठाण्यातल्या नेत्याची बायको ठाण्यात मानसोपचार घेते, ही ओळ कुठल्या मथळ्यात जाईल हे त्या घराला आधीच दिसत असतं.

परदेशात हे उघड झालं, ते कसं झालं हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना मानेच्या दुखण्यापासून गोळ्या लागल्या होत्या, त्यात दारूची भर पडली. पद गेल्यानंतर, एप्रिल १९७८ मध्ये घरच्यांनी त्यांना समोर बसवून सांगितलं आणि त्या लाँग बीचच्या नौदल रुग्णालयात दाखल झाल्या. तिथे इतर तीन बायकांबरोबर खोली मिळाली म्हणून त्या आधी अडून बसल्या. जाहीर निवेदनात पहिल्यांदा फक्त गोळ्यांचा उल्लेख केला. दारूचं त्यांनी काही दिवसांनी सांगितलं. ते मधले दिवस त्यांना मिळाले, हे महत्त्वाचं. १९८२ मध्ये त्यांच्या नावाचं उपचार केंद्र उभं राहिलं. त्या मधल्या दिवसांत कुणी वॉर्डातला फोटो छापला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज आपण करावा.

किटी डुकाकिस यांचं उदाहरण आम्हाला जास्त जवळचं वाटतं. पती मायकेल डुकाकिस अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना, १९८७ मध्ये त्यांनी २६ वर्षांचं वजन घटवण्याच्या गोळ्यांचं व्यसन जाहीर केलं. ते त्यांनी १९८२ मध्येच उपचार घेऊन सोडलं होतं. कौतुक झालं. नोव्हेंबर १९८८ मध्ये पती हरले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत त्या दारूसाठी उपचार केंद्रात होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी चोळायचं स्पिरिट प्यायलं आणि रुग्णालयात गेल्या. निकालानंतरचा काळ असा असतो. प्रचारात बाई दिवसाला दहा सोसायट्या चढते, माणसं अवतीभवती असतात. निकालाच्या संध्याकाळी पडलेल्या उमेदवाराच्या दारात एक चप्पल दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमपत्रिका कोरी. घसरण्याचा, आमच्या भाषेत स्लिपचा, मोठा धोका या पुढच्या तीन महिन्यांत असतो आणि फॉलोअप नेमका तेव्हाच सुटतो. बातमीदार मात्र हिशेब प्रचाराच्या आठवड्यातला ठेवतात.

मग रेघ कुठे मारायची? ती बऱ्यापैकी मारलेली आहे. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, उत्पन्नाचा स्रोत आणि पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न द्यावं लागतं. जोडीदाराची तब्येत कुणी विचारत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारात धरले आहेत. कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा कोणतीही माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. वॉर्डबॉय बातमी देतो, तेव्हा तो कायदा मोडत असतो. आपला वार्ताहर त्यात भागीदार होतो. दुसरीकडे, वहिनी गाडी चालवत होत्या आणि १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा गुन्हा आहे, खुशाल छापा. पोलीस ठाण्यात फोन गेला आणि नोंद झाली नाही, तर पहिल्या पानावर छापा. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्या पत्नी सिंडी यांनी स्वतःच्याच वैद्यकीय सेवा संस्थेच्या साठ्यातून वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. १९९४ मध्ये ते बाहेर आलं. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर गोळ्या लागणं हा आजार. धर्मादाय संस्थेचा साठा हा लोकांचा विषय. बातमी त्या दुसऱ्या भागाची.

मानसिक आरोग्याच्या त्या कायद्यातली एक तरतूद अशा घरांतल्या बायकांना माहीत असावी. कलम १४ खाली कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपली बाजू सांभाळणारा माणूस, नेमू शकते. तो नवराच असायला हवा असं नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ प्रमाणे प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका तज्ज्ञाची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत ३० दिवसांची, आणि बाईच्या बाबतीत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला तीन दिवसांत कळवावं लागतं. निवडणुकीपुरतं 'आत' ठेवायची सोय कायद्यात नाही.

जाता जाता, या चर्चेत नवरे कुठे असतात? आता महापालिकेत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. नगरसेविकेचे मिस्टर रात्री दहानंतर कुठल्या अवस्थेत असतात हे अख्ख्या प्रभागाला ठाऊक असतं, त्याची चौकट येत नाही. आणि पहाटे मिश्री लावणाऱ्या सासूबाईंची तर नाहीच, जरी तंबाखूचं ते व्यसनच आहे आणि तोंडाच्या कर्करोगाचं कारणही.

व्यसनाच्या बातमीत 'तर्र', 'झिंगलेल्या' असे शब्द नकोत. 'दारूच्या आजारावर उपचार' पुरे. आणि बातमीखाली एवढं छापता आलं तर पाहा : व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, मराठीतही. फोनआधी कागदावर लिहून ठेवायचं : काय घेतात, दिवसाला किती, किती महिने, शेवटचं केव्हा. फिट, ताप किंवा भ्रम दिसला तर हेल्पलाइन नको, थेट १०८.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रातील काही कार्यकर्ते,
ठाणे व नवी मुंबई