बेकनमधले चीजगोळे आणि वसईच्या आंटी

प्रिय आंटी,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. कॅन्सस सिटीच्या आसपासच्या मराठी घरांत दर फेब्रुवारीत सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, पार्टी असते. त्यांनाही कळू दे तुम्ही मला काय शिकवलंत ते.

11 फेब्रुवारी 2024 ला आमच्याकडे ऑफिसची मंडळी येणार होती, शिवाय मराठी मित्र आणि त्यांचे आईवडील. ऑफिसवाल्यांची एकच फर्माईश होती: बेकनमध्ये, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांत, गुंडाळलेले, आत चीज भरलेले मीटबॉल. इथले बार्बेक्यूवाले गोमांसाचे गोळे बेकनमध्ये गुंडाळून धुरावर भाजतात. आमच्या घरी गोमांस शिजत नाही आणि धुराची भट्टीही नाही. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, "पोर्कचा खिमा घे, ओव्हन आहे ना? मग झालं." आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात हजर.

पाककृती कुठेही मिळाली असती. तुम्ही मला प्रत्येक पायरीमागचं कारण दिलंत, आणि त्यामुळे हा पदार्थ आता माझा झालाय. पावाच्या दोन स्लाइस पाव कप दुधात भिजवून त्याचा लगदा खिम्यात घालायचा. का, तर मांस शिजताना आवळतं आणि पाणी सोडतं, ते पाणी हा लगदा धरून ठेवतो आणि गोळा आतून मऊ राहतो. मीठ अगदी शेवटी, आणि त्यानंतर फार मळायचं नाही, कारण मीठ घालून रगडलेला खिमा चिकट होतो आणि शिजल्यावर सॉसेजसारखा रबरी लागतो. कांदा किसून घट्ट पिळून घ्यायचा. साधारण 450 ग्रॅम खिम्याला एक अंडं, भरपूर लसूण, आणि तुमच्या बरणीतला चमचाभर बाटली मसाला. हे शेवटचं तुम्ही न विचारता घातलंत, आणि बरंच केलंत! उन्हाळ्यात कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला तो वसईचा मसाला अमेरिकन बेकनशी इतका जुळेल हे मला कधीच सुचलं नसतं. तुम्हाला मात्र खात्री होती. नाताळच्या सोरपोतेलवर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या झणझणीत रश्श्यावर, वाढलेल्या माणसाला डुकराच्या चरबीला काय मानवतं हे कोणी सांगावं लागत नाही.

चीजचंही तसंच. ताजं, पाण्यातलं मोझरेला नको, ते गोळ्यात पाणी सोडतं. मुलांच्या डब्यातल्या स्ट्रिंग चीजच्या कांड्या घ्यायच्या, एकेकीचे चार तुकडे करायचे आणि आधी फ्रीझरमध्ये कडक करायचे. म्हणजे मांस शिजेपर्यंत चीज वितळून बाहेर धावत नाही. तळहातावर पुरण भरावं तसा तुकडा मधे ठेवून गोळा सगळीकडून बंद केलात, बोटाला पाणी लावून भेग पुसलीत आणि मला म्हणालात, "जिथे भेग दिसेल तिथूनच पळणार ते." वीस गोळे झाले. अर्धा तास फ्रीजमध्ये.

बेकनच्या बाबतीत तुम्ही दुकानातच मला अडवलंत. मी जाड कापाचं महागडं पाकीट उचललं होतं. ते परत ठेवायला लावून तुम्ही पातळ कापाचं घेतलंत, कारण जाड पट्टी कुरकुरीत होईतो आतला गोळा कोरडा पडतो. पट्ट्या अर्ध्या कापून ओव्हनमध्ये आधी जरा शेकून घेतल्या, कडक होऊ न देता, फक्त थोडी चरबी निघेपर्यंत. मग किंचित ताणून गोळ्याभोवती गुंडाळल्या. शिजताना बेकन आकसतं आणि गोळ्याला घट्ट धरतं. पट्टीचं टोक खाली, भिजवलेली टूथपिक आरपार, ट्रेवर जाळी आणि जाळीवर गोळे, म्हणजे ते स्वतःच्या चरबीत उकडत नाहीत. 400 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 205 सेल्सिअसला, पंचवीस ते तीस मिनिटं. तुमचा थर्मामीटर तुम्ही माझ्या हातात दिलात: पोर्कला 160 फॅरनहाइट, चिकन असेल तर 165, आणि टोक चीजमध्ये नाही, मांसात. बेकन लालसर झालं म्हणजे आतलं शिजलं असं धरून चालायचं नाही, हे तुम्ही पुन्हापुन्हा बजावलंत.

सॉसवर तुमचं स्वतंत्र मत आहे, ते मला फार आवडतं. इथला सॉस म्हणजे टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीसारख्या पाकाचा) दाट, गोड. तुम्ही त्यात व्हिनेगर आणि लाल तिखट घातलंत आणि शेवटच्या पाचच मिनिटांत ब्रशने लावलंत, कारण साखर लवकर जळते. या शहरात बार्बेक्यू रुजवणारे हेन्री पेरी 1908 च्या सुमारास वर्तमानपत्रात गुंडाळून मांस विकायचे, आणि त्यांचा सॉस झणझणीत होता म्हणे. गोडवा मागून आला. म्हणजे तुमची चव इथल्या मूळ चवीच्याच जवळची निघाली.

पण आंटी, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते दुसऱ्या ट्रेबद्दल.

पाहुण्यांत डुकराचं न खाणारे होते, आणि अजिबात मांसाहार न करणारेही. त्यांच्यासाठी चिप्स आणि गाजराच्या कांड्या ठेवू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही ऐकून गप्प बसलात आणि पिशवीतून उकडलेले बटाटे, मका आणि पनीर काढलंत. त्यांचे गोळे आम्ही बेकन ओव्हनमध्ये जाण्याआधी केले, कारण बेकनची चरबी आत सगळीकडे उडते. वेगळा ट्रे, वेगळा चिमटा. चीज करताना दूध गोठवायला जे रेनेट वापरतात, ते कुठलं आहे हे तुम्ही चष्मा लावून पाकिटावर वाचलंत. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं आणि शाकाहारी माणूस ते नकळत खातो, हे मला ठाऊकही नव्हतं. ज्यांना चिकन चालतं पण डुकराचं नाही, त्यांच्यासाठी चिकनच्या खिम्याचे गोळे टर्की बेकनमध्ये. त्यात चरबी कमी, म्हणून वरून तेलाचा हात. आणि तिन्ही थाळ्यांवर मोठ्या मराठी आणि इंग्रजी अक्षरांत चिठ्ठ्या. "कुणाला विचारायला लागू नये, रे," तुम्ही म्हणालात. "विचारावं लागलं की माणूस उपाशीच राहतो."

मध्यंतराला आपली चीफ्स, कॅन्सस सिटीची टीम, 3-10 ने मागे होती आणि घरात सगळे हिरमुसलेले. तेव्हा थाळ्या बाहेर आल्या. माझ्या मित्राची आई अशा पार्ट्यांना वर्षानुवर्षं येते, कोपऱ्यात बसते, सरबत पिते. तिने चिठ्ठी वाचली, एक बटाट्याचा गोळा घेतला, चीजची तार ओढत खाल्ला, आणि मग ताटली भरून घेतली. ऑफिसमधला एक जण टर्की बेकनच्या थाळीपाशीच उभा राहिला. जादा वेळेत 25-22 ने सामना जिंकला तेव्हा तिन्ही थाळ्यांत फक्त टूथपिक उरल्या होत्या.

तुम्ही त्या रात्री उशिरापर्यंत थांबलात, ट्रेमधली चरबी सिंकमध्ये न ओतता डब्यात गार करायला ठेवलीत, आणि कोणी कौतुक केलं की माझ्याकडे बोट दाखवत राहिलात. सगळ्यांना सांगतो: ते सगळं आंटींचं होतं. थर्मामीटर परत करायला रविवारी येतो, तेव्हा "त्यात काय" म्हणू नका.

तुमचा,
समोरच्या घरातला