जाळी घेण्याआधी भरड आणि भांडे पाहा

संपादक महोदय,

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणून घरीच मॅश करून, म्हणजे तो भरडून गरम पाण्यात मुरवून, बिअर बनवू पाहणारे हौशी लोक गोव्यात आता बरेच दिसतात. अबकारीचे नियम ज्याने त्याने आधी खात्यात विचारून घ्यावेत. हे पत्र फक्त साहित्याविषयी आहे. नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅश टनमध्ये, म्हणजे मॅशच्या भांड्यात, जाळी कोणती बसवू? आणि पहिला मोठा खर्चही त्याच जाळीवर होतो. हा क्रम उलटा आहे, असे आमचे ठाम मत आहे.

वर्ट, म्हणजे मॅशमधून निघणारा गोड रस, गाळतो तो माल्टच्या सालींचा थर. जाळी फक्त त्या थराला खालून आधार देते. साल अखंड राहिली तर साधी जाळीही चालते. सालीचा भुगा झाला तर महागडी जाळीही तुंबते. म्हणून माल्ट पिठाच्या चक्कीवर कधीही देऊ नये. दोन रोलरची गिरणी हवी आणि रोलरमधली फट साधारण १ मिमी. भरडण्याआधी किलोमागे २० मिली पाणी शिंपडून, हाताने कालवून दहा मिनिटे ठेवले तर साल लवचिक होते, दाणा फुटतो पण साल फाटत नाही. मूठभर भरड उघड्या हातावर पसरून पाहा: साली जवळजवळ पूर्ण, आतला दाणा चार-सहा तुकड्यांत आणि पीठ थोडेच दिसले पाहिजे. गव्हाच्या माल्टला साल नसते. त्यात भाताचे तूस, म्हणजे दाण्यावरचे टरफल, मिसळावे, २ किलो गव्हाला पाव किलो पुरते. भात गिरणीतून आणताना तूसच मागा. कोंडा आला तर तोच चिखल करील. आणल्यावर गरम पाण्यात निवळ येईपर्यंत धुवा आणि वास घेऊन मगच वापरा.

दुसरी गोष्ट भांडे. २० लिटर बिअरला ५ किलो माल्ट धरला आणि किलोमागे ३ लिटर पाणी घातले, तर मॅश साधारण १८ लिटर होतो. ३० सेंमी व्यासाच्या गोल भांड्यात तो २५ सेंमी उंच उभा राहतो. ५० बाय ३० सेंमीच्या आईस बॉक्समध्ये जेमतेम १२ सेंमी. थर १० सेंमीच्या खाली गेला की गाळण बिघडते, म्हणून मोठा बॉक्स स्वस्तात मिळतो या कारणाने घेऊ नये. मासळीसाठी वापरलेला बॉक्स तर नकोच. कितीही घासला तरी गरम पाणी पडताच वास वर येतो.

आता जाळीकडे येऊ. गोल भांड्याला ३०४ ग्रेडच्या स्टीलचा भोकांचा पत्रा, म्हणजे फॉल्स बॉटम, सर्वात चांगला. भोक २ ते २.५ मिमीचे असावे. त्याचा दोष भोकांत नसून कडेला असतो: पत्रा आणि भांडे यांत फट राहिली की भरड खाली उतरते आणि व्हॉल्व्ह बंद पाडते. पत्र्याच्या काठाला उभी चिरलेली सिलिकॉन नळी चढवली की फट मिटते. घुमटाकार पत्रा हलका असल्याने वर तरंगू शकतो. तो स्क्रूने पक्का करावा आणि माल्ट टाकण्याआधी त्याच्या वर येईल इतके पाणी खालून भरावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

चौकोनी बॉक्सला नळ्यांची चौकट बरी. अर्ध्या इंची तांब्याच्या नळीला हॅकसॉने दर १ सेंमीवर काप द्यावेत आणि कापांची बाजू खाली ठेवावी. दोन नळ्यांत जितके अंतर, त्याच्या निम्मे अंतर भिंतीपासून ठेवा. भिंतीला टेकवली तर उरलेली साखर धुऊन काढायला वरून ओतलेले पाणी माल्ट न धुता कडेनेच निसटते. प्लास्टिकच घ्यायचे तर गरम पाण्याच्या नळांचे सीपीव्हीसी घ्या, साधे पीव्हीसी या तापमानाचे नव्हे. पावसाळ्यात तांब्यावर हिरवट थर चढतो. व्हिनेगर लावून धुतल्याशिवाय ती चौकट वापरू नये.

गिझरच्या जोडनळीवरचे स्टीलचे विणकाम सर्वात स्वस्त. आतला रबर काढून ते वापरतात. माल्टच्या भाराने ते चपटे होते, म्हणून आत स्टीलच्या तारेची गुंडाळी सरकवावी. पाणी एकदम ओतून, ढवळून, सगळे काढून घेण्याच्या पद्धतीला ते पुरेसे आहे. वरून सतत पाणी शिंपडणार असाल तर नको, कारण सगळा ओघ त्या एका रेषेकडेच जातो. पॉलिस्टरच्या कापडी पिशवीला तर टनच लागत नाही. मात्र ओली पिशवी दहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा वर कप्पी आधी टांगून घ्या आणि पिशवी पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. खाली आच सुरू असेल तर ती जळते.

बरेच मॅश तुंबतात ते घाईमुळे. काजूच्या चोथ्यावर दगड ठेवून निरो, म्हणजे बोंडांचा रस, काढतात, तसा दाब माल्टला चालत नाही. व्हॉल्व्ह एकदम उघडला की खालची ओढ थर आवळते आणि धार थांबते. सुरुवातीला व्हॉल्व्ह पाव भागच उघडा, पहिले चार-पाच लिटर वर्ट हलक्या हाताने परत वर सोडा, ते निवळ आले की मिनिटाला सुमारे एक लिटर या वेगाने घ्या. धुण्याचे पाणी ७५ अंशांच्या आसपास ठेवा; थंड वर्ट दाट असतो आणि हळू उतरतो, तर ७७ च्या वर सालीतला तुरटपणा उतरू लागतो. तरीही अडलाच तर व्हॉल्व्ह बंद करून खालून दोन लिटर गरम पाणी चढवा, थर ढवळा, दहा मिनिटे थांबा आणि परत वर सोडण्यापासून सुरुवात करा. पारदर्शक पीव्हीसी नळी या उष्णतेत मऊ पडून आतल्या आत चिकटते, आणि दोष जाळीला लागतो.

विक्रेत्यांना एक विनंती. परदेशी जाळ्यांचे आटे बहुधा एनपीटी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचे असतात, इथल्या हार्डवेअरचे व्हॉल्व्ह बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे. अर्ध्या इंचात दोन्हींचे इंचामागे १४ आटे असल्याने जोड बसल्यासारखा वाटतो, पण आट्यांचा कोन वेगळा, म्हणून गरम झाल्यावर तो गळतो. टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवून प्रत्येक वेळी भागत नाही. पाकिटावर आट्यांचा प्रकार, भोकाचा व्यास आणि स्टीलची ग्रेड छापली, तर गिऱ्हाईक घरचा व्हॉल्व्ह पाहून योग्य वस्तू मागेल.

— एक वाचक, फोंडा